प्लास्टिकात कोंडलेला परवाना

मी एक परवाना बोलतोय. विमान चालवण्याचा, आणि परदेशी. माझ्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ छापली आहे : हा परवाना लॅमिनेट करू नये, केल्यास रद्द समजावा. ती ओळ वेळेवर कुणी वाचली नाही, म्हणून आज मला तोंड उघडावं लागतंय. मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका देशातला. शिरीन नावाच्या मुलीनं तिथं दोनशे तास विमान उडवलं, परीक्षा दिल्या, तेव्हा कुठं तिथल्या खात्यानं मला छापलं. तपासनिसानं पाठीवर निळ्या शाईनं सही केली. खाली पुढच्या सह्यांसाठी जागा मोकळी ठेवली होती. प्लास्टिकवर शाई टिकत नाही, एवढं साधं कारण त्या ओळीमागं आहे.

तिथं मला मान होता. इथं कोण विचारतो! भारतात पोटासाठी विमान चालवायचं तर माझ्या आधारावर इथला परवाना काढावा लागतो. त्यासाठी शिरीननं वडश्याला, आपल्या गावी, घरात बसून अभ्यास केला आणि पुन्हा पेपर दिले. हवामानाच्या पेपरात दोनदा आपटली. मग डॉक्टरी तपासणी, मग उड्डाणचाचणी. त्या चाचणीची मुदत सहा महिन्यांची. तेवढ्यात मला दिल्लीच्या कचेरीत दाखवून अर्ज पुरा केला नाही, तर सगळी चाचणी नव्यानं.

आता तिच्या बापाविषयी. अयूब त्याचं नाव. त्याला मी अहो-जाहो करणार नाही. वडश्याच्या स्टेशन रोडवर त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दिसेल तो कागद प्लास्टिकात घालायची त्याला खोड. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, झाडीपट्टीच्या नाटकाचं हँडबिलसुद्धा. तरुणपणी त्याचं आयटीआयचं सर्टिफिकेट वाळवीनं खाल्लं आणि ठरलेली नोकरी गेली, तेव्हापासून हे सुरू झालं म्हणतात. वाळवीनं खाल्लं तर तिच्याशी भांडावं. मी याचं काय घोडं मारलं होतं?

चाचणी देऊन शिरीन घरी आली आणि दिवसभर झोपली. तिची आई खुर्शीदा बॅग आवरत होती. मी तिच्या हाती लागलो. पोरीची एवढ्या वर्षांची मेहनत अशा पातळ कागदावर, हे तिला बघवेना. तिनं मला नवऱ्याकडं दिलं. अयूबनं मला रुमालानं पुसलं, मशीन तापू दिलं, चारी बाजूंनी सारखी कडा सोडली आणि एकही बुडबुडा न येऊ देता मला आत ढकललं. इतक्या निगुतीनं कुणी कुणाचा गळा दाबला नसेल.

संध्याकाळी त्यानं मला मोठ्या ऐटीत तिच्या हातात ठेवलं. तिनं मला उलटं केलं आणि ती ओळ वाचली.

"अब्बा, हे काय करून ठेवलं तुमी?"

"पक्कं केलं, बेटा. आता पानी नाई, वाळवी नाई."

"मेलं ते. मागं लिवलं होतं. वाचलं काऊन नाई?"

बापाला इंग्रजी एकेक अक्षर जोडून वाचावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं. ती विचारतेय याचा मला आनंद झाला, हे मी कबूल करतो.

दिल्लीच्या साहेबानं मला नखानं खरवडून पाहिलं आणि परत सरकवलं. असा परवाना चालत नाही, नवा आणा, म्हणाला. परदेशातल्या खात्यानं कळवलं की नवा देऊ, पण हे कुणी केलं ते प्रतिज्ञापत्रावर लिहा आणि जुना कापून त्याचा फोटो पाठवा. पत्रव्यवहारात चार महिने गेले होते. दोन उरले होते.

शिरीननं लिहिलं की प्रवासात चुकून झालं. अयूबनं तो कागद बाजूला सारला. "माहं नाव लिव. म्या केलं हाय," म्हणाला, आणि आपल्या सहीखाली दुकानाचा शिक्काही मारला.

"मंग कापा बी तुमीच," ती म्हणाली.

प्लास्टिक जाड होतं. कैची दोनदा घसरली. कागद जपण्यात आयुष्य घालवलेल्या त्या हातांना मला कापता येईना, आणि मला त्याची जरासुद्धा दया आली नाही. तिसऱ्या वेळी माझे दोन तुकडे झाले.

त्यानंतर बापलेकीनं एका ताटलीतलं लोणचं खाल्लं, पण बोलणं नाही. नवा परवाना आला तेव्हा मुदतीचे नऊ दिवस राहिले होते. शिरीन त्याला कुर्त्याच्या आतल्या खिशात घालून दिल्लीला गेली. घरात कुणाच्या हाती लागू दिला नाही.

मी आता दुकानाच्या काउंटरवर, काचेखाली पडून असतो. लॅमिनेशनला कुणी आलं की अयूब आधी त्याच्याकडून कागदाची मागची बाजू मोठ्यानं वाचून घेतो. लोक वैतागतात, शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे : कागदावर माया करण्याआधी तो वाचा. येत नसेल तर विचारा. विचारायची लाज वाटली म्हणून माझा जीव गेला.

परवा शिरीन दुकानात आली. इथला परवाना मिळाला होता. तो आता कागदावर येत नाही, मोबाइलवर येतो. कितीतरी दिवसांनी तिनं बापाला हाक मारली आणि फोन पुढं केला.

"हे पाहा. घ्या नं हातात."

अयूबनं डोळे पुसले, मान वाकवून तिचं नाव एकेक अक्षर करून वाचलं. दोन्ही हात मात्र त्यानं पाठीमागं घट्ट धरले होते. ती फोन तसाच धरून उभी राहिली. त्यानं हात काही पुढं केले नाहीत.