शार्दूलची डबी

अंबादासांनी शौचाचा नमुना निम्मा निम्मा करून दोन्ही डब्यांत भरला, झाकणं घट्ट फिरवली आणि एकीवर ‘शार्दूल’ अशी चिठ्ठी चिकटवली. मग साबणानं दोनदा हात धुऊन चहाचं आधण ठेवलं. भैरवी आता येईलच.

मधुमेहात आतड्यातल्या जिवाणूंचा हात किती, हे तिच्या कॉलेजातले लोक शोधत होते. त्यासाठी एकाच घरात जेवणारी जोडी हवी होती: एक मधुमेही, दुसरा ठणठणीत. मधुमेही, म्हणजे अंबादास स्वतः, इथं हजर होते. शार्दूल, म्हणजे त्यांचा मुलगा, जर्मनीत होता आणि त्याचा फोन यायचा दिवाळीला. पण भैरवी दर महिन्याला मंगळवार पेठेतले हे जिने चढून यायची आणि विचारायची, "काका, काल काय काय जेवलात?" असं दुसरं कोण विचारतं?

ती धापा टाकतच आत आली.

"शार्दूलदादा काय जेवले काल?"

"तो? तांबडा रस्सा! वाट्यावर वाट्या ओरपल्या की. मी आपली भाकरी नि दोडका."

थाप मारता मारता त्यांना स्वतःलाच भूक लागली. भैरवीनं मात्र आज काही लिहून घेतलं नाही.

"काका, मागच्या डब्या तपासून झाल्या. तुम्हा दोघांचे जिवाणू अगदी सारखे आहेत. एका घरात राहून थोडेफार जुळतात हो, पण इतके? दादांनाही धोका असेल. बोलावून घ्या त्यांना, साखर बघू."

"अगदी सारखे?" अंबादासांचा चेहरा उजळला.

"अगदी!"

त्यांनी गॅस बंद केला. चहा गाळायला बराच वेळ घेतला.

"तो इथं न्हाय, पोरी. जर्मनीत असतोय. दोन्ही डब्या माझ्याच."

भैरवीला फस्सकन हसू फुटलं. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि ते तिथंच विरलं.

"मग... तुमचं नाव काढावं लागेल, काका. जोडीच लागते."

"व्हय. लागणारच की."

तिनं चहा तळापर्यंत संपवला. डब्या न घेताच निघाली. तिच्या चपलांचा आवाज रस्त्यावर जाऊन मिटला, तरी ते कठडा धरून उभेच.

शेजारच्या शालूबाईंनी दार किलकिलं केलं.

"कोण आलतं ओ, भावजी?"

"कॉलेजातली पोरगी. आमच्या शार्दूलची तब्येत कशी हाय, विचारत होती."

"मग, काय सांगितलंसा?"

"बरा हाय म्हटलं."