राऊच्या घरातली पूजा

माझं डोकं लवकर तापतं, हे माझ्या माहेरालाच नव्हे तर अख्ख्या इंदूरला ठाऊक आहे. पण त्या पंधरा दिवसांत मी ते शांत ठेवलं होतं. तिथेच माझं चुकलं.

हृषीकेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, राऊला राहायला जायचं होतं. तो तिथल्या कॉलेजात शिकवतो. आमचं भाड्याचं घर विजय नगरला, माझ्या ऑफिसपासून पायी दहा मिनिटांवर. लग्नाला पाच वर्षं झाली, आणि पाचही वर्षं तो रोज सगळं शहर ओलांडून राऊला जातोय. कॉलेजच्या मागेच त्याला एक फ्लॅट सापडला. जेवताना म्हणाला, "अनु, आता थोडे दिवस माझ्या सोयीनं राहू या का?"

माझ्या तोंडावर 'नाही' आलंच होतं. रोज तास जायला, तास यायला? वेड लागलंय का! पण जीभ रेटेना. पाच वर्षं या माणसानं कुरकुर न करता तेच केलं होतं. म्हटलं, "पंधरा दिवस दे. ऑफिस सुटलं की स्कूटीवर राऊपर्यंत येऊन बघते. जमलं तर हो, नाही तर नाही. तोवर काही ठरवायचं नाही."

"तुझ्याशिवाय काहीच ठरणार नाही," तो म्हणाला. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, हे मुद्दाम सांगते.

मग सुरू झाली माझी तपस्या. खजराण्याला जी गर्दी लागायची, ती भंवरकुआंपर्यंत सुटायची नाही. "अरे भिया, मरोगे क्या?" असं मी किती जणांवर ओरडले, देव जाणे. कंबर भरून यायची. पण कॉलेजच्या गेटवर हृषीकेश दोन कट चहा घेऊन उभा असायचा. त्याचा तो खूश चेहरा बघितला की वाटायचं, जाऊ दे, जमेल. फक्त पौर्णिमेला त्याचा फोन आला, "आज नको येऊस, एग्झाम ड्यूटी आहे." तो बुडालेला दिवस मी सोळाव्या दिवशी भरून काढायचं ठरवलं. इतकी इमानदार मी!

सोळाव्या दिवशी निघताना माझं 'हो' पक्कं झालं होतं. त्याला चकित करायचं म्हणून गेटवर न जाता सरळ त्या बिल्डिंगमध्ये गेले. वर पोचून त्याला बोलवायचं, असा बेत होता. पिशवीत नवं पातेलं आणि दुधाची थैली.

तिसऱ्या मजल्यावर त्या फ्लॅटच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. सुकलेलं. मला वाटलं, चुकीच्या मजल्यावर आले. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक बाई हसून म्हणाली, "आप अनुश्री भाभी ना? मैं शिखा. अब तबीयत कैसी है? पूजा में सब पूछ रहे थे आपको."

"कौनसी पूजा?"

"पूनम की. सत्यनारायण." पौर्णिमेला, म्हणजे त्या एग्झाम ड्यूटीच्या दिवशी! तिनं लगेच मोबाईल पुढे केला.

फोटोत चौरंग, केळीचे खुंट, सोवळ्यातला हृषीकेश. मागे सुलोचनाबाई, माझ्या सासूबाई. माझ्या माहितीप्रमाणे त्या नाशिकला होत्या! हृषीकेशच्या शेजारचा पाट रिकामा, आणि त्याच्या कमरेला काहीतरी खोचलेलं. मी फोटो मोठा केला. सुपारी.

बायको हजर नसली की माणूस कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो. ती सुपारी म्हणजे बायको. काकू गेल्यावर माझ्या काकांनी त्यांच्या मुलीच्या, तन्वीच्या लग्नात अशी खोचली होती, तेव्हा सगळा मांडव रडला होता. अहो, पण मी जिवंत होते! धडधाकट, विजय नगरला!

फोन लावला. "किल्ली घेऊन वर ये."

तो धापा टाकत आला. तोरण बघितलं, माझ्याकडे बघितलं, गुपचूप दार उघडलं. "आई म्हणाली, नंतर दिवाळीपर्यंत मुहूर्त नाही. फक्त पूजाच तर केली, अनु. राहायला कुठे आलो? आणि तू हो म्हणणारच होतीस की."

"मग विचारलं का नाहीस?"

"नाही म्हणाली असतीस तर?"

घ्या! म्हणजे पंधरा दिवस मी धूर खात होते, आणि याच्या लेखी माझ्या 'नाही'ला जागाच नव्हती. मग रोज गेटवर चहा कशाला पाजलास रे? मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

कोनाड्यात देवांपुढे ती सुपारी होती, हळदकुंकू लावलेली. मी ती उचलून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही तुझी बायको. हिला इथे ठेव, आणि रोज दहाला विजय नगरला ऑफिसात पोचव. मी माझ्या घरी चालले."

"अनु, ऐक ना..."

मी जिना उतरायला लागले. वळणावर पातेलं कठड्याला आपटून खणखणलं.

"पिशवीत काय आहे?" त्यानं वरून विचारलं.

"दूध," मी म्हणाले. "नव्या घरात उतू घालवायला आणलं होतं."

मी स्कूटी काढली आणि घरी आले.