क्निदोसला विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नौका आहे, आणि ही ओळख जमिनीवरून करून द्यावी लागते याची मला लाज वाटते. तुर्कस्तानातल्या बोझबुरून गावाच्या किनाऱ्यावर लाकडी टेकूंच्या आधाराने मी चार वर्षे उभी आहे. माझ्या सावलीत कोंबड्या बसतात. त्यांना माझा इतिहास ठाऊक नाही, म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

माझा जन्म इथलाच. रजब उस्ता या गावच्या मुरलेल्या सुताराने दोन हिवाळे खपून मला घडवले. फळ्या डोंगरातल्या पाइनच्या, बरगड्या तुतीच्या, आणि फटींमध्ये ठोकून ठोकून भरलेल्या कापसाच्या वाती. नाव ठेवले केकलिक. आमच्याकडे तितराला केकलिक म्हणतात. माझा मालक रेमझी कप्तान. त्याला मला बायकोचे नाव द्यायचे होते, पण नाझमियेने साफ नकार दिला. माझे नाव घेऊन तू दिवसभर खलाशांवर ओरडणार असशील तर ते मला नको, असे ती म्हणाली.

ओरडण्याचे तिने काही खोटे सांगितले नव्हते. इंजिनाच्या धडधडीत आणि वाऱ्यात बोलून बोलून दर्यावर्दी माणसांचा आवाज चढतो तो चढतोच. रेमझी घरी जेवताना मीठ मागायचा तेसुद्धा समोरच्या बेटावरून हाक मारल्यासारखे. शेजारचे लोक म्हणायचे, कप्तान घरी आला की जेवणाची वेळ कळायला आम्हाला घड्याळ लागत नाही.

आता थोडी फुशारकी मारू द्या, कारण मी साधीसुधी नौका नव्हते. माझ्या पोटात चार खोल्या होत्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर. डेकवर पांढऱ्याशुभ्र गाद्या, आणि पितळ असे घासलेले की पाहुणे त्यात बघून केस नीट करत. मे ते ऑक्टोबर परदेशातले आणि इस्तंबूलचे धनवान लोक यायचे. धक्क्यावरच्या टोपलीत पादत्राणे टाकून अनवाणी वर चढायचे. हा नियम सगळ्यांना सारखा. मग आम्ही निघायचो. कौनोसच्या कड्यात कोरलेली थडगी, सिमी बेटावरची रंगीत घरे, आणि शेवटचा मुक्काम क्निदोस.

क्निदोसला मी बंदरात नांगर टाकायची तिथून थेट वर प्राचीन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या चढत जातात. वाटाड्या पाहुण्यांना सगळ्यात वरच्या पायरीवर बसवायचा आणि स्वतः खाली मध्यभागी उभा राहून कुजबुजायचा. ती कुजबूज वर जशीच्या तशी पोचायची. मग टाळ्या पडायच्या. तो सगळ्यांना बजावायचा की इथे हळूच बोला, मोठ्याने बोललात तर दगडांचा अपमान होतो.

नाझमिये मात्र या सफरीला कधी आली नाही. पाहुणे उतरले की माझ्यातल्या चादरी तिच्या अंगणात जायच्या. ती त्या धुवायची, वाळवायची, इस्त्री करून परत पाठवायची. क्निदोसची वाळू, सिमीच्या द्राक्षरसाचे डाग, एवढीच तिने पाहिलेली सफर. त्या वरच्या पायरीवर बसून खालचे बोलणे एकदा ऐकायचे, असे तिच्या मनात फार होते. रेमझी म्हणायचा, हंगाम सरू दे, नेतो. आमच्या गावात लग्ने, दातांची दुखणी, भांडणे, सगळे हंगाम सरेपर्यंत थांबते. पण हंगाम सरला की नैर्ऋत्येचे वादळी वारे सुरू होत, मला किनाऱ्यावर ओढून घेत, आणि पुन्हा नवा हंगाम येई. अशी सव्वीस वर्षे गेली. तिचे वडील वारले त्या दिवशीही रेमझी पाहुण्यांना घेऊन क्निदोसलाच होता. तो चौथ्या दिवशी परतला. त्याबद्दल ती त्याला एका शब्दानेही बोलली नाही.

आमची आणखी एक रीत तुम्हाला सांगायला हवी. प्रवासाला निघणारा माणूस मागे राहणाऱ्याला म्हणतो, तुझा माझ्यावरचा हक्क हलाल कर. म्हणजे मी तुझे काही देणे लागत असेन, तुला दुखावले असेन, तर माफ कर. समोरच्याने ‘हलाल असो’ असे तोंडाने म्हणायचे. मनातल्या मनात म्हटलेले धरत नाहीत. रेमझी दर सफरीला माझ्या डेकवरून हे ओरडायचा आणि नाझमिये धक्क्यावरून उत्तर द्यायची. पण रोजची गोष्ट झाली की तिचा अर्थ झिजतो. तुम्ही दारातून ‘येतो’ म्हणता ना, तसेच ते झाले होते.

गेल्या काही वर्षांत माझ्या एक लक्षात आले होते. गाद्यांना खोळी घालायला नाझमिये आली की माझ्या फळीला तळवा लावून बघायची, इंजिन चालू आहे की बंद. स्वयंपाकी दुर्मुशने पाठीमागून हाक मारली तर ती वळायची नाही. तिला ऐकू येईनासे होत चालले होते. तिच्या आईला गावातली पोरे बहिरी म्हणून चिडवायची, ते ती विसरली नव्हती, म्हणून तिने कुणाला सांगितले नाही. डॉक्टरकडे जायचे तर तिचेही उत्तर तेच, हंगाम सरू दे. नवऱ्याच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती. तो बोलायचा तेच मुळी बहिऱ्याला ऐकू येईल असे.

शेवटी गुडघ्यांनी दगा दिल्यावर रेमझीने काम थांबवायचे ठरवले. त्या वर्षी हंगाम सरल्यावरही आठ दिवस समुद्र निपचित होता. आम्ही निघालो, ती दोघे, दुर्मुश आणि मी. नाझमियेने नवा रुमाल डोक्याला बांधला होता. पाहुण्यांच्या टोपलीत तिने आपली पादत्राणे इतक्या जपून ठेवली की मला रडू आले. सगळ्यात मोठ्या खोलीत, स्वतः धुतलेल्या चादरीवर ती झोपली. इतक्या वर्षांत मी इतक्या हलकेपणाने कधी चालले नव्हते.

सकाळी क्निदोसला दुसरे कुणीच नव्हते. नाझमिये धापा टाकत सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली. रेमझी खाली मध्यभागी उभा राहिला. त्याने टोपी काढली, आणि जन्मभर ओरडत आलेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलला. वारा पडला होता. दगडांवरून परतणारा त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

“नाझमिये, सव्वीस उन्हाळे तुला एकटं टाकलं. बाबा गेले तेव्हा मी इथंच उभा होतो, पाहुण्यांसाठी. तुझा हक्क माझ्यावर फार झालाय. हलाल करशील?”

ती वरून बघत होती. त्याने थांबून पुन्हा विचारले. आमच्याकडे तीनदा विचारतात, तसे त्याने तीनदा विचारले, आणि तिसऱ्या वेळी त्याला धड बोलवेना. नाझमिये हसली, हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि मग कौतुकाने टाळ्या वाजवल्या. पाहुणे वाजवतात हे तिला ठाऊक होते.

तो खाली मान घालून बंदराकडे निघून गेला. ती उतरून माझ्यावर आली आणि थेट दुर्मुशकडे गेली.

“काय म्हणत होता रे तो खाली? नुसते ओठ हलताना दिसले मला.”

दुर्मुशच्या कढईत कांदा तडतडत होता. त्याने काही ऐकले नव्हते. तो म्हणाला, “कप्तानालाच विचारा की, वहिनी.”

“नको. इतक्या वर्षांनी आणलं त्यानं. बहिरीला आणलं, हे कशाला कळायला हवं? तूही बोलायचं नाहीस, माझी शपथ आहे तुला.”

थोड्या वेळाने रेमझी आला. त्याने तिच्यासमोर उभे राहून विचारले, “ऐकू आलं ना सगळं?”

“शब्द न् शब्द,” ती म्हणाली. “किती छान घुमतो रे तुझा आवाज.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ‘हलाल असो’ काही आले नाही. मग त्याने नांगर उचलला. परतीच्या वाटेवर सुकाणूवर हात ठेवून तो स्वतःशीच एवढेच म्हणाला, “ऐकूनही गप्प बसली. तिचं बरोबरच आहे.”

मित्रांनो, मला त्या घडीला तोंड हवे होते. नुसते एक वाक्य बोलायला मिळाले असते तरी पुरले असते.

त्यानंतर रेमझीने मला वर ओढले ते कायमचे. त्याने मला रंग दिला नाही, कुणाला विकलेही नाही. लाकडी नौका पाण्यात असली की तिच्या फळ्या फुगून फटी मिटतात. कोरड्यावर ठेवली की त्या आकसतात. आता माझ्या अंगातून आरपार उजेड दिसतो. पण माझ्यापेक्षा वाईट गोष्ट त्या घरात झाली. रेमझीने ओरडणे सोडले. अपराधी माणसासारखा तो हळू बोलू लागला, आणि त्यामुळे नाझमियेला त्याचे थोडेफार ऐकू यायचे तेही बंद झाले. समुद्र सुटल्यामुळे तो आपल्यावर रुसला आहे, असे ती धरून चालली आहे. आपल्याला माफी नाही, असे तो धरून चालला आहे.

शुक्रवारच्या नमाजानंतर दोघे चहाची किटली घेऊन माझ्या सावलीत येऊन बसतात. रेमझी आता आजारी असतो. गेल्या शुक्रवारी त्याने बराच वेळ पेल्यातला चमचा फिरवला आणि तिच्याकडे न बघता पुटपुटला, “अजूनही हलाल नाही का करणार, नाझमिये?”

तो काही बोलला एवढे तिला कळले असावे. तिने माझ्या फळ्यांकडे पाहिले.

“हो, फार सुकलीय,” ती म्हणाली. “आता काही उपयोग नाही.”

त्याने मान हलवली आणि उरलेला चहा वाळूत ओतला.

मित्रांनो, नौकेची निगा राखा, असे सांगून मला हे संपवायचे होते. पण आता दुसरेच सांगते. कुणाला काही मनापासून विचारायचे असेल तर जवळ जा, त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहा, आणि ऐकू येईल असे विचारा. ऐकू आले नसेल तर ऐकू आले नाही म्हणा. यात लाज कसली? माझ्याजवळ त्या दोघांचेही बोलणे आहे, आणि मी लाकडाची आहे.