जोडीची काच

धाकटीने घासलेली काच थोरलीने चिमट्यात अडकवली, दिवा लावला आणि पांढरा पुठ्ठा हळूहळू मागे सरकवला. प्रकाशाचा ठिपका पट्टीवरच्या त्या काचेच्या खुणेवर एकवटायला हवा होता. तो एकवटला खुणेच्या बोटभर पलीकडे.

"घ्या, नाचा आता हिला डोक्यावर घेऊन," ती पुटपुटली.

वर्षभर ती धाकटीचं कौतुक ऐकत आली होती. त्यांच्या घरच्या कारखान्यातल्या दुर्बिणीच्या नळीत दोन काचा बसत, पुढची थोरलीची, मागची धाकटीची, मध्ये चार बोटं अंतर. नळी डोळ्याला लावली की बाबा म्हणत, धाकटीचा हात म्हणजे हात! जशी काही पुढची काच आपोआप उगवली होती. धाकटीला काच धरायला शिकवलं कोणी? थोरलीनेच. आणि आता बाबा कारखाना तिच्याच हाती देणार, अशी घरात कुजबुज. थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि का दुखतंय हे तिला चांगलं ठाऊक होतं.

काच घेऊन ती तडक बाबांच्या टेबलापाशी गेली. धाकटी शेजारीच नळ्या पुसत बसली होती. बरंच झालं, काय ते तोंडावर होऊ दे.

"हिची काच बोटभर चुकलीये. बघा."

बाबांनी काच हातातही घेतली नाही. "एकटी कशाला तपासलीस? जोडीची आहे ना ती? तुझी आण."

धाकटीचं फडकं थांबलं. राहू दे ना बाबा, असं काहीसं ती म्हणाली.

बाबांनी दोन्ही काचा दिव्यापुढे चार बोटांच्या अंतरावर उभ्या केल्या. ठिपका जोडीच्या खुणेवर बरोबर बसला. मग त्यांनी धाकटीची काच काढून घेतली आणि बाजूला झाले. पुठ्ठा थोरलीने स्वतःच सरकवला. तिच्या काचेचा ठिपका तिच्या खुणेच्या बोटभर अलीकडेच एकवटला.

"तुझा हात जड पडतो, काच जास्त फुगते," बाबा म्हणाले. "मागे बोललो तर काच आपटलीस आणि आठवडाभर अबोला. मग हिला म्हटलं, तू सांभाळून घे. तुझी जेवढी जास्त फुगते, तेवढी ही आपली कमी फुगवते."

कौतुक थोरलीने एक वेळ सोसलं असतं. हे उपकार कसे सोसायचे? तिने कपाटातून एक कोरी काच काढली आणि धाकटीपुढे ठेवली.

"आता आधी तू घास. अगदी खुणेवर. मी माझी तुझ्या काचेवरून जुळवून घेते."

धाकटीने फडक्याची उगाच घडी केली, पुन्हा उलगडली.

"ताई, खुणेवर मी कधी घासलीच नाही गं. तुझी समोर असल्याशिवाय मला जमत नाही."

थोरलीने स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसली. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की धाकटीकडे न बघता ती म्हणाली, "धर नीट. अंगठा खाली."