नडगीतला खिळा

जैतूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माथेरानला हातरिक्षा ओढणारे, घोडेवाले, पायथ्याच्या वाडीतल्या बायाबापड्या, सगळे माना उंचावून बघत होते. मधोमध जैतू खाटेवर, आणि पायाशी श्रीपत भगत.

“निघ, भवाने, निघ! आठ महिने हाड चावतीस, पोट नाय भरलं तुजं? सात डोंगरांची आण हाय तुला!”

ओरडून भगतबाबांचा घसा सुकला. ते घटघट पाणी प्याले, पंचाने तोंड पुसलं आणि “हूं हूं” करत जैतूच्या नडगीला तोंड लावून चोखू लागले. मग मान झटकून खाटेजवळ मांडलेल्या पानावर थुंकले. पानावर टपकन खिळा पडला. घोड्याच्या नालाचा!

“घोडेवाल्याची करणी!” बाबा गरजले.

सगळ्यांचे डोळे सिराजकडे वळले. घोड्यांना नाल ठोकणारा वाडीच्या वाटेवर तो एकटाच. शेजारची बाई पोराला घेऊन त्याच्यापासून लांब सरकली.

बाबांना आणलं होतं जैतूच्या रिक्षावरच्या जोडीदाराने, गोमाने. आता सिराजचं उतरलेलं तोंड बघून त्याला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. आठ महिन्यांपूर्वी सामानाने लादलेली रिक्षा उतारावरून आणताना पुढे जैतू होता, मागून रोखून धरायला गोमा. उतारावर पुढच्याचा जीव मागच्याच्या हातात असतो. गोमाने तंबाखू मळायला हात सोडले. चाक जैतूच्या पायावरून गेलं. गोमा सगळ्यांना सांगत सुटला, दगड आडवा आला म्हणून. त्यानंतर या अंगणात तो आजच फिरकला होता.

सिराज पुढे आला. “बाबा, पाणी प्यायच्या आदी तुमी गळा फाडत व्हता. तोंड पुसल्यावर नुसतं हूं हूं. का वो?”

“मंत्र मनात व्हता!”

“मी नाल ठोकताना खिळे गालात धरतो. तवा माझं बी असंच हूं हूं व्हतं.” सिराजने बाहीने तोंड पुसलं, “हूं हूं” केलं, जैतूच्या नडगीला ओठ लावले आणि थुंकला. पानावर दुसरा खिळा पडला. “बाहीत व्हता. तुमचा पंचात व्हता. आन आठ महिने मासात रुतलेला खिळा असा चकाकतो व्हय? गंजला नसता?”

अंगण हसलं. बाबा देवाची थट्टा केल्याबद्दल शाप देत, पूजेचा नारळ मात्र उचलायला न विसरता, वाटेला लागले.

हसला नाही तो जैतू. “मंजे माजं दुखणं खोटं? मी नाटकं करतोय?”

“नाय वो,” त्याची बायको ठमी म्हणाली. “कर्जतच्या डाक्टरीणबाई म्हनल्या, हाड जुळलं, पन दुखणं खरं हाय. पयल्या दिसांत लई कळा सोसल्या, झोप नाय, पाय परत मोडंल ही भीती, काम सुटलं, इचारायला कुनी येत नाय. अशा मानसाचं दुखणं रेंगाळतं. रोज थोडं चालवा, मानसांत ठेवा, असं म्हनल्या. मीच ऐकलं नाय. गोळी दिली नाय म्हणून मला वाटलं, बाईंना कळतच नाय.”

‘इचारायला कुनी येत नाय.’ गोमाची मान खाली गेली. ती वर करणं त्याला फार जड गेलं.

“दगड नव्हता, जैतू,” तो सगळ्यांदेखत बोलला. “मी हात सोडले. तंबाखूसाठी. तुज्या म्होरं उभं ऱ्हायची लाज वाटली, म्हणून आलो नाय. करणी निघाली असती तर सुटलो असतो मी. सिराज, तुला अडकवून सुटत व्हतो रं.”

जैतूने पानावरचे दोन्ही खिळे बाजूला सारले.

“तू हात सोडले ते मला तवाच ठाव व्हतं,” तो म्हणाला. “रोज वाटंकडं बघत व्हतो.”

गोमाला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याने खांदा पुढे केला. जैतू तो धरून उठला. अंगणाच्या कुंपणापर्यंत दोघे गेले, थांबत थांबत. पाय दुखत होताच.

लोकहो, जैतू आजही थोडा लंगडतो, पण रोज थोडं चालत चालत पुन्हा कामावर जाऊ लागलाय. तुमच्या घरी कुणाचं दुखणं रेंगाळलं, तर खिळा शोधणाऱ्याला बोलावू नका. डॉक्टरांचं पुरतं ऐका, आणि त्या माणसाकडे जाऊन बसा. लाज वाटत असली तरी जा.