वांगं बांधलेला बैल

शेगडीतून धुराचा लोट उठला आणि महाल भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात एकच खोकला सुरू झाला. कॉम्प्युटरपुढची पोरं खोकत होती. हिशेब बघणाऱ्या शोभाताई पदरात तोंड खुपसून खोकत होत्या. खालच्या भांड्यांच्या दुकानातला एक गिऱ्हाईक चमत्कार बघायला वर आला होता, तो हातातल्या कढईसकट खोकत होता. मालक सुमंतराव तर खोकता खोकताच हात जोडत होते. आणि मधोमध, सर्व्हरच्या कपाटाभोवती, निखाऱ्यांवर मूठमूठ सुक्या मिरच्या टाकत स्थिरानंद महाराज फिरत होते.

"हट्! नजर हट्! खेळाडू बसो, खेळाडू टिको, सीझन-सीझन परत येवो!"

मग महाराजांनी मोरपिसानं भिंतीवरच्या टीव्हीकडे खूण केली. पडद्यावर आलेखाचे दोन खांब उभे राहिले. एक ठेंगणा, एक ताडासारखा.

"ज्यांच्या बैलाच्या गळ्यात माझा काळा धागा, त्यांच्यातले दहापैकी नऊ परत आले. ज्यांच्या बैलाले धागा नाही, त्यांच्यातले दहापैकी दोन. बोला!"

"जय हो!" कढईवाला ओरडला. त्यानं हा खेळ जन्मात खेळला नव्हता.

खेळाचं नाव 'जोडी दौड'. शंकरपटात बैलजोड्या पळवतात ना, तेच मोबाइलवर. आपली जोडी पोसायची आणि कुठल्याही गावच्या पोराशी शर्यत लावायची. दर तीन महिन्यांनी नवा सीझन, नवं मैदान, नव्या झुली. या धंद्याचा सगळा जीव एका प्रश्नात अडकलेला असतो: या सीझनला खेळलेले किती जण पुढच्या सीझनला परत येतात? ते मोजायला सुमंतरावांनी मिनलला ठेवलं होतं आणि वाढवायला महाराजांना. मिनलला मिळाली डुगडुगती खुर्ची, महाराजांना गादी. चार वर्षांपूर्वीपर्यंत हे महाराज रस्त्यावर मोबाइलची कव्हरं विकत होते. तेव्हाही 'एकदा बसलं की निघत नाही' हेच सांगायचे.

त्यांचा धागा म्हणजे पडद्यावरची एक काळी रेघ. दहा शर्यती जिंकल्या की ती बैलाच्या गळ्यात आपोआप यायची. महाराजांनी ती रेघ मंत्रून दिली होती म्हणे.

धूर विरला. महाराज एकदम थबकले.

"ही पोरगी खोकली नाही."

सगळ्या माना मिनलकडे वळल्या.

"ज्याले मिरचीचा ठसका लागत नाही, नजर त्याचीच असते. ही आली कधी?"

"दिवाळीनंतर, महाराज," सुमंतराव म्हणाले.

"आणि खेळाडू घसरले कधी?"

"याच खेपेला."

"झालं तर मग! पनवती घरात बसवली अन् मले विचारता, घर काहून गळून राहिलं?"

"महाराज, मी भिवापूरची आहे," मिनल म्हणाली. "आमच्या अंगणात मिरच्या वाळतात. एवढ्या धुराचा ठसका लागला असता तर लहानपणीच मेली असती मी. अन् खेळाडू घसरले, कारण मार्च आहे. पोरांच्या परीक्षा आहेत. मागच्या मार्चलेही घसरले होते. तवा मी कुठं होती?"

कोण ऐकतं? दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाताईंनी मिनलच्या शेजारून आपला डबा उचलला आणि त्या लांबच्या टेबलावर जाऊन बसल्या. सुमंतरावांनी मिनलला केबिनमध्ये बोलावलं.

"माझा तसा विश्वास नाही गं. पण स्टाफ घाबरून राहिलाय. पुढच्या सीझनच्या निकालाच्या पूजेपर्यंत बघू. महाराज तेव्हाही नाही म्हणाले तर माझा नाइलाज आहे."

विश्वास नाही, पण नाइलाज आहे! या एका वाक्यावर देशातले निम्मे बाबा पोसले जातात.

मिनल त्या रात्री रडली नाही, चिडली. नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण पनवती हा शब्द माणसाच्या आधी पुढच्या ऑफिसात पोचतो, आणि एसटीत बसून गावालाही जातो.

सकाळी ती थेट गादीपुढे जाऊन बसली. सुमंतराव तिथंच होते. चेहरा असा पाडलेला, की महाराजांनाच दया आली.

"महाराज, प्रायश्चित्त करायचं आहे. तुमचा धागा मिळायले दहा शर्यती जिंकाव्या लागतात. नव्या पोरांले पहिल्याच दिवशी बांधला तर?"

"बांध, पोरी, बांध! त्यांच्यातलेही दहापैकी नऊ परत नाही आले, तर मी मोरपीस खाली ठेवीन."

"सर, ऐकलं ना? पण एकदम सगळ्यांले नको, सर्व्हरवर लोड येईल. चिठ्ठी टाकून निम्म्यांलेच देते."

सुमंतरावांनी मान डोलावली. मिनल उठली ती प्रोग्रामर रोहितच्या टेबलापाशी गेली.

"रोहित, एक वांगं काढून दे. जांभळं. देठासकट."

"वांगं? काहून वं?"

"बैलाच्या गळ्यात बांधायचं आहे. दहा शर्यती जिंकणाऱ्यांत चिठ्ठी टाक. निम्म्यांले धागा, निम्म्यांले वांगं."

"मरवशील बे मले!" रोहित म्हणाला. पण वांगं त्यानं असं झोकात काढलं, की त्यावर चमकसुद्धा होती.

जूनमध्ये पुन्हा शेगडी पेटली. कूलर मिरचीचा धूर गरागरा सगळ्यांच्या तोंडावर फेकत होता. सुट्ट्या होत्या, पोरं घरी होती, खेळाडू भरपूर परतले होते. महाराज रंगात आले.

"पाहिलं? पनवतीले प्रायश्चित्तात बांधून ठेवलं, तवा घर भरलं! आता तिले मोकळं करा, सुमंतराव, म्हणजे कायमची बला टळली."

"जाते ना," मिनल म्हणाली. "जाताना दोन खांब दाखवू द्या."

टीव्हीवर दोन खांब आले. दोन्ही बुटके, एका उंचीचे.

"हे नवे खेळाडू. डावीकडच्यांले पहिल्याच दिवशी धागा बांधला. उजवीकडच्यांले काहीच नाही. दोन्हीकडं दहापैकी दोनच परत आले."

"मशीन बिघडली असंल," महाराज म्हणाले.

"असंल. आता हे पाहा, दहा शर्यती जिंकलेले." पुन्हा दोन खांब. दोन्ही ताडासारखे. "दोन्हीकडं दहापैकी नऊ. डावीकडं महाराजांचा धागा. उजवीकडं..."

पडद्यावर एक उमदा खिल्लारी बैल आला. गळ्यात घुंगरं असावीत तसं डुलत होतं एक जांभळं, तुकतुकीत वांगं.

आधी रोहितला हसू फुटलं, मग कढईवाल्याला. हो, तो याही वेळी आला होता.

"वांग्यातही माझीच शक्ती!" महाराज गरजले. "त्या दिवशी मी कळमन्याच्या भाजी मार्केटवरून गेलो होतो!"

"मग नव्या पोरांच्या धाग्यात ती काहून नव्हती, महाराज? तो तर तुम्ही स्वतः मंत्रला होता."

महाराजांनी तोंड उघडलं. तेवढ्यात कूलरनं धूर आत लोटला आणि त्यांना असा ठसका लागला की मोरपीस शेगडीत पडलं.

"माळ घातली म्हणून बैल पळत नाही," मिनल म्हणाली. "पळणाऱ्या बैलाले माळ घालतात. आमच्या पटावर लेकरालेही कळते हे. जो पहिल्या दिवशी खेळ सोडून गेला, त्याले धागा मिळणारच कसा? जो दहा शर्यती जिंकेपर्यंत चिकटून बसला, तो तसाही परत येणारच होता. तुम्ही टिकलेल्यांच्याच गळ्यात धागा बांधला अन् म्हटलं, धाग्यानं टिकले."

"मग बाकीचे जातात काहून?" सुमंतरावांनी हळूच विचारलं.

"तिसऱ्या शर्यतीत स्वस्तातल्या फोनवर बैल जागीच अडकतो, सर. पोरं वैतागून खेळ काढून टाकतात. हे मी जानेवारीतच सांगितलं होतं. पण तुम्ही म्हटलं, आधी महाराजांले विचारू."

सुमंतराव खजील झाले. "बरं, उद्यापासून सगळे तेच काम घ्या. आणि मिनल, तू कुठंही जाऊ नकोस."

"तेवढ्यानं भागत नाही. ज्यांच्यासमोर मले पनवती म्हटलं, त्यांच्यासमोरच म्हणा, की नाही."

सुमंतरावांनी घसा खाकरला, तो काही मिरचीमुळे नव्हे. "मिनल पनवती नाही. चूक माझी होती," ते म्हणाले. या गडबडीत महाराज जिन्यानं कधी उतरले, कोणी पाहिलं नाही. एकदा बसलं की निघत नाही म्हणणारा माणूस फार लवकर निघाला.

दुपारी शोभाताई डबा घेऊन मिनलच्या टेबलाशी आल्या. "खाशील ना गं?" डोळे वर न करता त्यांनी झाकण काढलं. आत भरली वांगी होती.

लोकहो, बाबाच्या दरबारात गर्दी दिसते ती बरे झालेल्यांची. बरे न झालेले दवाखान्यात असतात, नाहीतर मसणात. ते साक्ष द्यायला येत नाहीत. म्हणून कोणी 'दहापैकी नऊ' म्हणाला, की हात जोडण्याआधी तोंड उघडा आणि विचारा: जे निघून गेले, त्यांना कुठं मोजलंस? आणि तरीही त्याचा धागा बांधावासा वाटला, तर शेजारच्या बैलाला एक वांगं बांधून बघा.