भागाकाराआधीचा प्रश्न

पडद्यावर तिसऱ्यांदा तांबडी ओळ उमटली, तेव्हा मोहिनीने खुर्ची मागे सरकवली. "सर, हा एक नियम सिद्धच होत नाहीये."

धम्मपाल पगारे चष्मा पुसत राहिले. नाशिकरोडच्या त्या कॉलेजात चौतीस वर्षं ते प्रयोगशाळा सहायक होते. प्राध्यापक मंडळी त्यांना "पगारे, जरा प्रोजेक्टर बघा" म्हणत. सर म्हणत ते फक्त विद्यार्थी. फावल्या वेळात त्यांनी बीजगणितासाठी संगणकाची एक भाषा घडवली होती, नाव 'सोडव'. मुलांनी समीकरण लिहून मराठीत आज्ञा द्यायच्या, संगणकाने एकेक पायरी मांडायची. चांदवडपासून सायखेड्यापर्यंत अकरा शाळांत ती चालत होती. सोमवारी समारंभ होऊन ती जिल्हाभर जाणार होती. पत्रिकेवर 'भाषेचे निर्माते' म्हणून त्यांचं नाव छापलं होतं, आणि महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. या पत्रिकेआधी कॉलेजने त्यांचं नाव कुठे छापलं असेल, तर हजेरीपत्रकात.

मोहिनी त्यांची जुनी विद्यार्थिनी. बंगळुरूला ती गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीवर काम करायची. तिथे कुणाचा वशिला चालत नाही. प्रत्येक नियमामागचं कारण द्यावंच लागतं. सरांच्या भाषेतले नियम पारखून द्यायला ती रजा काढून आली होती. एकसष्ट नियम बिनबोभाट पार झाले. अडला तो 'भाग', म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागणं.

तिने कागदावर लिहिलं: क्ष गुणिले क्ष बरोबर पाच क्ष. क्षने भागलं की उत्तर पाच. पण क्ष शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. ते न विचारता भागलं, म्हणून एक खरं उत्तर गळून पडलं.

"मला माहीत आहे," पगारे म्हणाले.

पहिल्या वर्षी 'सोडव' प्रत्येक भागाकाराआधी थांबून विचारायची: ही संख्या शून्य नाही कशावरून? मुलं अडायची, तास संपायचा, शिक्षक वैतागायचे. सायखेड्याच्या शाळेतल्या निवृत्ती सरांनी फारच गळ घातली, तेव्हा पगाऱ्यांनी तो प्रश्न काढून टाकला. शाळा वाढल्या त्या त्यानंतरच. माणूस भिडस्त, आणि कौतुकाचा थोडा भुकेलाही. कोण नसतं?

मोहिनीने चाचरत एक वाट सुचवली. नियमापुढे 'गृहीत' लिहिलं की सिद्धता न मागता तपासणी पुढे सरकते. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येईल. सोमवारही पार पडेल.

"आणि तोवर मुलं काय शिकतील?" त्यांनी विचारलं.



पगाऱ्यांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं. नियम बदलला की शाळांतले सगळे पाठही बदलणार, दोन महिने लागणार. प्राचार्यांनी समारंभ पुढे ढकलला आणि पत्रिका वाटू नका म्हणून निरोप धाडला. दोन महिन्यांनी आपण इथे नसू, हे पगाऱ्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मग ते एकेका शाळेला फोन लावत बसले. शेवटी निवृत्ती सर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एका पोरीनं लिवला होता शून्य," ते म्हणाले. "पाच बी लिवले, शून्य बी लिवला. मी शून्य खोडला. संगणक एकच उत्तर देतोय म्हणून. लय भांडली ती माझ्याशी. मग गणितच सोडलं तिनं."

"नाव काय तिचं?"

"नाय आठवत, सर. लय वर्षं झाली."

पगाऱ्यांनी फोन ठेवला आणि 'भाग' हा नियम उघडला. काढलेला प्रश्न पुन्हा जागेवर घातला. मोहिनीने तपासणी लावली. यावेळी नियम पार झाला.

संगणकाच्या भाषेत काही ओळी फक्त माणसांसाठी लिहितात. यंत्र त्या वाचत नाही, ओलांडून जातं. नियमाच्या डोक्यावर अशी एक ओळ होती: 'नियम रचला: धम्मपाल पगारे'. त्यांनी ती पुसली आणि तिथे सावकाश टंकलं: 'सायखेड्याच्या शाळेतली एक मुलगी. तिचं उत्तर बरोबर होतं.'